अंश आणि छेद

गेल्या शनिवारी सकाळी चहा घेऊन संगणकासमोर बसलो होतो, तेवढ्यात गावाकडच्या मित्राच्या मुलाचा फोन आला. "काका, फॉर्म भरताय ना? ओटीपी बाबांच्या मोबाईलवर येईल. पण बाबा शाळेत आहेत आणि तिथे रेंज नाही. जेवणाच्या सुट्टीत ते टेकडीवर जातील, तोपर्यंत थांबा."

थांबलो. पण ओटीपी दहा मिनिटांत बाद होतो आणि टेकडी चढायला पंधरा मिनिटं लागतात. तीन वेळा असं झाल्यावर मित्रच वैतागून म्हणाला, "सोड यार, मी रविवारी अक्कलकुव्याला येतो, तिथून करू."

आता यातली गंमत बघा. 'आधार'ची सुरुवात या देशात कुठे झाली? आमच्या नंदुरबार जिल्ह्यात! २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. ज्या जिल्ह्यातून ही सगळी यंत्रणा सुरू झाली, त्याच जिल्ह्यातला मुलगा आज आधारशी जोडलेल्या ओटीपीसाठी बापाच्या टेकडी चढण्याची वाट बघतोय. असो.

फॉर्म अडकला होता, वेळ होता, म्हणून मनात एक जुना प्रश्न पुन्हा आला. आमच्या जिल्ह्यातली किती मुलं विद्यापीठापर्यंत पोचतात? आणि त्याला खर्च किती येतो? विदा हाताळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे वाटलं, तासाभरात उत्तर मिळेल. नाही मिळालं. अख्खा वीकांत गेला आणि मी पार १८५९ सालापर्यंत जाऊन आलो.

अडचण अशी आहे की विद्यापीठाकडे अंश असतो, छेद नसतो. किती अर्ज आले, किती प्रवेश झाले, किती पास झाले हे सगळं त्यांच्याकडे असतं. पण ज्यानं अर्जच केला नाही त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात नसते. आणि आमच्या जिल्ह्याची खरी गोष्ट त्या न आलेल्यांची आहे.

तर सुरुवातीपासून सांगतो.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ ला स्थापन झालं. त्याच वर्षी कलकत्ता आणि मद्रासचीही विद्यापीठं निघाली, तिन्ही लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. म्हणजे विद्यापीठ स्वतः शिकवायचं नाही, फक्त परीक्षा घ्यायचं आणि पदव्या द्यायचं. 'मॅट्रिक' म्हणजे आपल्याला दहावी-अकरावीची परीक्षा वाटते, पण मुळात ती विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. पास झालात तर विद्यापीठाच्या पटावर नाव. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. बसले १३२, पास झाले २२. बरोब्बर सहात एक. प्रवेशाची ही आपल्याकडची पहिली आकडेवारी. त्या बावीस जणांत महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. १८६२ साली बी. ए. झालेल्या पहिल्या चौघांत हे दोघे आणि बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक.

आता १३२ हा छेद घेतला तर निकाल १६.६७ टक्के. आजच्या एखाद्या नामांकित प्रवेश परीक्षेपेक्षा सोपाच म्हणायचा :-) पण तो छेद खरा कुठे? त्या १३२ जणांत बसण्यासाठी आधी इंग्रजी शाळा गाठायची, मग परीक्षेला मुंबई गाठायची. १८५९ मध्ये रेल्वे खानदेशात पोचलेलीही नव्हती (भुसावळला ती १८६० नंतर आली). सातपुड्यातल्या काठी किंवा धडगाव भागातल्या भिल्ल मुलासाठी मुंबई विद्यापीठ आणि लंडन विद्यापीठ यांत फारसा फरक नव्हता. खानदेशात इंग्रजी राज्य १८१८ ला आलं आणि सरकारनं भिल्लांसाठी काढलेली पहिली मोठी संस्था शाळा नव्हती, पलटण होती. १८२५ साली जेम्स आउट्रमनं उभी केलेली भिल्ल कोअर.

खर्चाचं काय? इथे एक गोष्ट मला नव्यानं कळली. रानडे आणि भांडारकर दोघेही 'दक्षिणा फेलो' होते. पेशवे पुण्यात ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटायचे, तो निधी इंग्रजांनी पुढे हळूहळू शिक्षणाकडे वळवला आणि त्यातून हुशार विद्यार्थ्यांना वेतन मिळू लागलं. म्हणजे आपल्या पहिल्या पदवीधरांनाही सरकारी पैशाचा टेकू होता. यात कमीपणा काही नाही. दोघेही अफाट बुद्धीचे होते. पण 'आमच्या वेळी लोक स्वतःच्या हिमतीवर शिकले, आताच्यांना सगळं फुकट पाहिजे' असं कुणी लग्नाच्या पंगतीत म्हणालं तर आठवायला बरं.

हाच प्रश्न १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे मांडला होता. त्यांच्या निवेदनाचा सारांश माझ्या भाषेत असा: सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, आधी खालच्या माणसाला प्राथमिक शिक्षण द्या. आजच्या भाषेत सांगायचं तर सबसिडी कुणाला मिळते आणि तिचं बिल कोण भरतं, हा हिशेब त्यांनी मागितला. सार्वजनिक विद्यापीठाच्या खर्चाविषयी यापेक्षा नेमका प्रश्न मला तरी माहीत नाही.

त्याच दशकात आमच्या नवापूरच्या शेजारी, गायकवाडांच्या बडोदे संस्थानातल्या सोनगडला सयाजीरावांनी आदिवासी मुलांसाठी बोर्डिंग काढलं. 'धाणका बोर्डिंग' म्हणत त्याला. लक्षात घ्या, नुसती शाळा नाही, बोर्डिंग. जेवणाची आणि राहण्याची सोय झाल्याशिवाय डोंगरातलं मूल शाळेत टिकणार नाही, हे त्या संस्थानाला एकोणिसाव्या शतकात कळलं होतं. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

आता अंतराची गोष्ट. विद्यापीठ आमच्याकडे कसं सरकत सरकत आलं ते बघण्यासारखं आहे.

१९०६ ला खानदेशाचे दोन तुकडे झाले, पूर्व आणि पश्चिम. आम्ही पश्चिम खानदेशात, जिल्ह्याचं ठिकाण धुळे. १९४५ साली जळगावला मूळजी जेठा आणि अमळनेरला प्रताप महाविद्यालय सुरू झालं. पहिल्या मॅट्रिकनंतर ८६ वर्षांनी! परीक्षा अर्थात मुंबई विद्यापीठाची. १९४९ ला पुणे विद्यापीठ निघालं, त्याच्याकडे बारा जिल्हे होते, त्यात आम्ही. १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, तेव्हा पुण्याकडे पाच जिल्हे उरले: पुणे, नगर, नाशिक, धुळे, जळगाव. साठच्या दशकात नंदुरबारला महाविद्यालय आलं, पुढे शहाद्याला पी. के. अण्णा पाटलांच्या पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळानं शिक्षणसंस्थांचं जाळं उभं केलं. पण गुणपत्रिकेत चूक झाली, मायग्रेशन सर्टिफिकेट पाहिजे, फेरतपासणी करायची, की निघा पुण्याला. रात्रभर एस.टी., सकाळी गणेशखिंडीत, दुपारी 'साहेब जेवायला गेलेत'. हा खर्च कुठल्याच फी-पत्रकात छापलेला नसायचा.

१५ ऑगस्ट १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. पहिले कुलगुरू डॉ. एन. के. ठाकरे. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि विद्यापीठाचे दोनाचे तीन जिल्हे झाले. २०१८ मध्ये विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. शाळेत न गेलेल्या, स्वतः लिहू न शकणाऱ्या बाईचं नाव विद्यापीठाला, ही मला आमच्या खानदेशाची सगळ्यात अभिमानाची गोष्ट वाटते. आणि नंदुरबारहून जळगाव म्हणजे सुरत-भुसावळ गाडीत बसलं की झालं. सकाळी जाऊन रात्री घरी.

म्हणजे १८५९ ते १९९० या काळात विद्यापीठाचं अंतर चारशे-पाचशे किलोमीटरवरून दीडशेवर आलं. मग प्रश्न सुटला का?

इथे माझ्या मित्राची गोष्ट सांगायलाच हवी. तो मोलगीच्या पलीकडच्या पाड्यावरचा. दहावीपर्यंत आश्रमशाळेत (शासनाची आश्रमशाळा योजना १९७२-७३ ची, म्हणजे तो तिच्या दुसऱ्या पिढीतला). मी तळोद्याचा, शिक्षकाचा मुलगा. अकरावी-बारावीला शहाद्यात आम्ही एका बाकावर होतो. गणितात तो माझ्यापेक्षा सरस होता, हे मी नम्रतेनं नाही, गुणपत्रिका बघून सांगतोय. १९९६ ला दोघांनाही इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. तो काळ 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट'चा. १९८३ ला वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पुढे १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालानं खाजगी महाविद्यालयांत अर्ध्या जागा सरकारी फीच्या, अर्ध्या जादा फीच्या अशी वाटणी केली. मला एक फ्री सीट मिळाली. त्याला तर थेट एका सरकारी महाविद्यालयात, अनुसूचित जमातीच्या कोट्यातून. आम्ही त्याला चिडवलं, "तुझं तर सगळंच फुकट!"

कागदावर खरंच फुकट होतं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती केंद्र सरकारनं १९४४ साली अनुसूचित जातींसाठी सुरू केली आणि १९४८-४९ पासून अनुसूचित जमातींनाही लागू केली. गरिबांसाठी राज्याची ई.बी.सी. सवलत होतीच. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांची फी माफ झाली, त्यानं अख्ख्या महाराष्ट्रात एक पिढी शिकली. माझे वडील त्यातलेच.

पण मित्र आणि त्याचे वडील प्रवेशाच्या दिवशी त्या महाविद्यालयात पोचले तेव्हा खिडकीवर अनामत रक्कम मागितली, वसतिगृहाची अनामत वेगळी, मेसचा आगाऊ वेगळा. शिष्यवृत्ती येईल ती डिसेंबर-जानेवारीत, मग वळती करून घेऊ, असं उत्तर. बापानं बैल विकून आणलेले पैसे धोतराच्या सोग्यात बांधलेले होते. ते निम्म्यालाही पुरले नाहीत. दोन दिवस एस.टी. स्टँडवर झोपून ते परत आले. मुदत संपली, जागा गेली. मला हे दिवाळीत घरी गेल्यावर कळलं.

त्यानं मग डी.एड. केलं, आज तो जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहे आणि फार चांगला गुरुजी आहे. तक्रार करत नाही. पण मी त्या साली माझ्या वडिलांना एक पत्र टाकलं असतं तर पैशाची सोय झाली असती, हे मला अजून टोचतं. मला कळलंच नाही की फुकट गोष्टीलाही पैसे लागतात.

त्या महाविद्यालयाच्या आकडेवारीत तो कसा दिसत असेल? 'जागा वाटप: १, प्रवेश: ०'. नोंद एवढीच. 'विद्यार्थी हजर झाला नाही.'

हे १९९६ चं झालं. मग आता काय स्थिती आहे? बरंच सुधारलंय, ते आधी सांगतो. २०१६-१७ पासून राज्याची 'पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम' योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवण्याचे पैसे थेट खात्यात. सुरुवातीचे दर असे: मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,०००, विभागीय आणि महापालिका शहरांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. चांगली योजना आहे, सोनगडच्या बोर्डिंगचंच हे नवं रूप. पण साठ हजार फोडून बघा. त्यात जेवणाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. निवासाचे वीस हजार भागिले बारा म्हणजे महिन्याला १,६६७ रुपये. पुण्यात राहणाऱ्या मंडळींनी सांगावं, या पैशात कॉट तरी मिळते का? आणि हे पैसे हप्त्यानं येतात, घरमालक मात्र महिना भरण्याआधी दारात.

२०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसेही (महिना तीन-साडेतीन हजार) खात्यात द्यायचं ठरलं, तेव्हा मुलांनी जुलैमध्ये पुण्याहून नाशिकला पायी मोर्चा काढला. पोलिसांनी तो मध्येच अडवला. शहरातल्या माझ्या सहकाऱ्यांना हे कळेना. "पैसे हातात मिळतायत, मग मोर्चा कशाला?" मी त्यांना एवढंच विचारलं, तुझा पगार तीन महिने उशिरा आला तर चालेल का? जेवण उशिरा येऊन चालत नाही हो.

त्यात आमच्या धंद्यातली एक बारीक खोच आहे. आधारवरून येणारे पैसे कुठल्या खात्यात जातात? फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात नाही, तर आधारशी सगळ्यात शेवटी जोडल्या गेलेल्या बँकेत. एका आधारला एकच बँक, शेवटची जिंकते. मित्राच्या थोरल्या मुलीची शिष्यवृत्ती अशीच 'गायब' झाली होती. सात महिन्यांनी सापडली, एका कॅम्पमध्ये कुणीतरी उघडून दिलेल्या खात्यात, ज्याचं पासबुकही घरी नव्हतं. प्रणालीच्या लेखी पैसे वेळेवर पोचले होते! तिचे आकडे चुकीचे नव्हतेच. मुलीनं ते सात महिने मैत्रिणीच्या डब्यात भागवले.

आता पुन्हा छेदाकडे येऊ. उच्च शिक्षणात किती मुलं आहेत हे मोजायला 'सकल नोंदणी गुणोत्तर' वापरतात: शिकणारे एकूण विद्यार्थी भागिले १८ ते २३ वयाची लोकसंख्या. २०२१-२२ च्या केंद्रीय सर्वेक्षणात देशाचं हे गुणोत्तर २८.४, अनुसूचित जमातींचं २१.२. २०१४-१५ मध्ये जमातींचं १३.५ होतं. वाढ मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही.

पण छेद बघा. २०२१ ची जनगणना झाली नाही, म्हणून ही लोकसंख्या २०११ वरून पुढे ढकललेला अंदाज आहे. २०१४-१५ चा देशाचा आकडा आधी २००१ च्या जनगणनेवरून काढला होता, तेव्हा तो २४.३ होता. २०११ चा आधार घेतल्यावर तोच २३.७ झाला. एकही विद्यार्थी इकडचा तिकडे झाला नाही, फक्त छेद बदलला.

आणि जिल्ह्याचं? २०११ ला नंदुरबारची लोकसंख्या १६,४८,२९५, त्यात अनुसूचित जमाती ६९.३ टक्के. साक्षरता ६४.४ टक्के, राज्याची ८२.३. राज्यात आम्ही शेवटचे. २०१२ च्या राज्य मानव विकास अहवालातही शेवटचे. शेवटून पहिलं येण्यात आमचा हात कुणी धरत नाही.

एक छोटं गणित करू. २०२० मध्ये नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, १०० जागांचं. फार मोठी गोष्ट आहे ही, धडगावच्या बाळंतिणीला विचारा. १५ जागा अखिल भारतीय कोट्यात, राहिल्या ८५. राज्यात अनुसूचित जमातींना आरक्षण ७ टक्के, म्हणजे सहाच्या आसपास जागा, अखिल भारतीय कोट्यातली एखादी धरून सात. ज्या जिल्ह्यात शंभरात ६९ आदिवासी, तिथल्या कॉलेजात शंभरात सात राखीव जागा, त्याही अख्ख्या राज्यातल्या मुलांसाठी. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. आरक्षण राज्यपातळीवर असतं आणि आमची मुलं त्याच हक्कानं नागपूर-मुंबईतही जातात. (राज्यात आदिवासी ९.४ टक्के आणि आरक्षण ७, हा हिशेब वेगळा.) पण 'तुमच्याकडे आता मेडिकल कॉलेज आलं, आता काय अडचण' असं कुणी म्हटलं की मला हे गणित आठवतं. इमारत आल्यानं अंतर कमी होतं. त्यात कोण बसणार हे वेगळ्याच तक्त्यात ठरतं.

या सगळ्या वाचनातून मला एक गोष्ट पटली. दीडशे वर्षांत प्रवेशाचा दरवाजा मोठा होत गेला, फी कमी किंवा माफ होत गेली. २०२४ मध्ये तर आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एस.ई.बी.सी. आणि ई.डब्ल्यू.एस. मुलींचीही व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. पण फी हा खर्चाचा तेवढाच भाग आहे जो विद्यापीठाला दिसतो. गाडीभाडं, खोली, डबा, अनामत, जातपडताळणीच्या खेपा, आणि मंजूर झालेले पैसे हातात पडेपर्यंतचे महिने, हे त्याला दिसत नाही, म्हणून मोजलं जात नाही. आम्ही प्रोग्रॅमर लोक 'टाइमआउट' म्हणतो त्याला. विनंती बरोबर असते, उत्तरही बरोबर असतं, पण उत्तर यायच्या आत समोरचा निघून गेलेला असतो.

विद्यापीठांना माझी सूचना साधी आहे. प्रवेश मिळूनही जे हजर झाले नाहीत, त्यांना एक फोन करा आणि कारण लिहून ठेवा. तेवढी एक रकाना-भर माहिती पाच वर्षं जमली तरी पुष्कळ कळेल.

रविवारी मित्र अक्कलकुव्याला आला. ओटीपी पहिल्या झटक्यात मिळाला, फॉर्म गेला. मग आम्ही बराच वेळ बोललो. मी विचारलं, तुझ्या आश्रमशाळेच्या वर्गातले कॉलेजपर्यंत किती गेले रे? तो नावं घेत मोजू लागला. एका हाताची बोटं पुरली. मग मी विचारलं, वर्गात होते किती? तो म्हणाला, "दहावीत म्हणतोस की पहिलीत?"

फोन ठेवल्यावर मी त्याच्या पोराच्या नावानं एक छोटी रक्कम बाजूला काढून ठेवली. अनामतीसाठी. शिष्यवृत्ती आली की परत करेन, असं त्यानं आधीच बजावलंय.